बाबांचा प्रोस्टेट कॅन्सर, पेशींचा उपचार आणि गुहागरची कलमं

कन्नमवारनगर
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर वाचनमात्र असते. आज मदत हवी आहे म्हणून लिहितेय. लांबलं तर समजून घ्या.

माझे बाबा ७३ वर्षांचे, पोस्टातून निवृत्त. चार वर्षांपूर्वी लघवीच्या तक्रारीवरून तपासण्या झाल्या. पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन, आजार त्यावर मोजतात) ११०, बायोप्सीत ग्लीसन ९, म्हणजे आक्रमक कॅन्सर, बोन स्कॅनमध्ये कंबरेच्या मणक्यात आणि डाव्या खुब्यात डाग. तेव्हापासून परळला टाटात फाईल आहे. दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन आणि रोजच्या अबिराटेरोनच्या गोळ्या. पीएसए ०.४ पर्यंत उतरला होता. बाबा पहाटे फेरी मारून येताना भाजी घेऊन यायचे, इतके ठीक होते. गेल्या मार्चपासून आकडा चढायला लागला. ३, मग ९, मग २२, परवा ६१. ज्या हार्मोनवर हा कॅन्सर वाढतो ते टेस्टोस्टेरॉन तळाला आहे, तरी आकडा चढतोय. डॉक्टरांनी आता केमो सुचवलीय, डोसिटॅक्सेल. बाबांनी नुसती मान हलवली. हो म्हणाले की नाही, तेच कळलं नाही.

अशात दादाच्या ऑफिसातल्या कुणी पश्चिम उपनगरातल्या एका सेंटरचा व्हिडिओ पाठवला. दादा आणि मी जाऊन आलो. बाबांचं रक्त घेऊन त्यातल्या रोगप्रतिकारक पेशी लॅबमध्ये ‘शिकवून’ परत देणार. सहा डोस, १४ लाख. केमोची गरजच नाही म्हणाले. महिनाअखेरीच्या आत नाव नोंदवलं तर एका डोसाचे पैसे कमी. हातात दिलं ते फक्त एक रंगीत पत्रक.

आमच्याकडे १४ लाख नाहीत. गुहागरला बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली थोडी जमीन आहे, त्यावर त्यांनी स्वतः लावलेली ३२ हापूसची कलमं. दादा म्हणतो, विकू. मला दोन्हीकडून भीती वाटते. विकलं आणि उपयोग झाला नाही तर? नाही विकलं, आणि हाच उपचार लागू पडला असता तर? आयआयटीने असंच काहीतरी काढलंय हे पेपरात वाचलं होतं. म्हणजे हे खरं असणार ना?

मुलुंडकर
वाचून काळजी वाटली ताई. यातलं मला फार कळत नाही, जाणकार येतीलच. तोवर एकच सांगतो, कुठेही सही करू नका आणि टोकन म्हणून पाच हजारसुद्धा देऊ नका.

पेशीवाला
मी डॉक्टर नाही. इम्युनॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करतो, टी पेशी हाच रोजचा विषय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आयआयटीचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे आणि अभिमान वाटावा असंच आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेली आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी रुग्णांवर तपासलेली नेक्सकार१९ ही कार-टी पेशींची उपचारपद्धती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत तिचं लोकार्पण केलं. अमेरिकेत २०१७ साली अशा पहिल्या उपचाराची किंमत ४,७५,००० डॉलर होती. आपल्याकडे तो ३०-४० लाखांच्या घरात आला. पण ही मान्यता रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आहे, बी पेशींच्या लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी. प्रोस्टेटसाठी नाही.

का नाही, ते सांगतो. तुमचे बाबा पोस्टात होते, तर पत्त्याचंच उदाहरण घेऊ. टी पेशी म्हणजे रक्तातली पोलीस पेशी. तिला जनुकीय बदल करून एक पत्ता शिकवायचा आणि त्या पत्त्यावर जो सापडेल त्याला मारायला लावायचं, असा हा सगळा खटाटोप. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पत्ता आहे सीडी१९. तो फक्त बी पेशींच्या अंगावर असतो. चांगल्या बी पेशीही त्यात मरतात, पण त्यांच्यावाचून माणूस जगू शकतो, त्या बनवतात ती प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बाहेरून देता येतात. प्रोस्टेटच्या पेशीवर पीएसएमए, पीएससीए, स्टीप१ असे पत्ते सापडले आहेत. अडचण ही, की त्या पत्त्यावर आणखीही बिऱ्हाडं आहेत. पीएसएमए लाळग्रंथींत, मूत्रपिंडात, आतड्यातही थोडं असतं. पीएससीए मूत्राशयात असतं.

हे नुसतं कागदावरचं भय नाही. कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होपमध्ये पीएससीए शिकवलेल्या कार-टी पेशी १४ रुग्णांना दिल्या, निष्कर्ष २०२४ मध्ये आले. चौघांचा पीएसए ३० टक्क्यांहून जास्त उतरला. पण मूत्राशयाला सूज येण्याचा त्रास इतका झाला, की पेशींआधी द्यायच्या औषधाचा डोस कमी करावा लागला.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. रक्तातला कॅन्सर पोलिसाला वाटेतच भेटतो. प्रोस्टेटचा हाडात घर करून बसतो आणि भोवती टीजीएफ-बीटासारखी रसायनं सोडतो, ज्यांनी टी पेशी जवळ येऊनही सुस्तावतात. आमच्याकडे अशा गाठीला ‘थंड’ म्हणतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने यावर फार हुशार उपाय केला. टी पेशीवर त्या रसायनाची हाक ऐकणारा रिसेप्टरच निकामी करून टाकला, म्हणजे हाक ऐकूच येणार नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत १३ पुरुष होते. एकाचा पीएसए ९८ टक्क्यांहून जास्त उतरला. नंतर त्याच्या शरीरात प्रतिकारशक्तीचं वादळ उठलं, त्यात रक्तात जंतुसंसर्ग झाला आणि तो गेला.

तो एक माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. ९८ टक्के म्हणजे पेशींनी पत्ता शोधला, दार फोडलं, काम केलं. हाडांत पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरचं असं होऊ शकतं, यावर त्याआधी मोजकेच लोक विश्वास ठेवत होते. आशा खरी आहे ती इथे. आणि किंमतही इथेच दिसते.

आज सगळ्यात पुढे पोचलंय ते निराळं औषध, झालुरिटामिग. यात पेशी बाहेर काढत नाहीत. एक दुतोंडी प्रतिपिंड शिरेतून देतात. त्याचं एक टोक कॅन्सरपेशीवरच्या स्टीप१ ला धरतं, दुसरं आपल्याच टी पेशीला. पहिल्या टप्प्यात ९७ रुग्ण होते, जवळपास निम्म्यांचा पीएसए निम्म्याहून खाली आला. ते आता तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत आहे.

सहा डोसांचं पॅकेज यांपैकी कशातच बसत नाही. त्यांना विचारा, कोणत्या पेशी, कोणता पत्ता, कोणत्या चाचणीत.

आबोली
हा धागा वाचून रात्री झोप आली नाही. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

माझे सासरे. प्रोस्टेट, हाडांत पसरलेला. आम्ही डोंबिवलीला. पाच वर्षांपूर्वी आम्हीही अशाच एका सेंटरला गेलो. नऊ लाख. माझ्या नवऱ्याने पीएफ काढला, मी पाटल्या मोडल्या. दर डोसानंतर मामंजींना ताप भरायचा, तर म्हणायचे, पेशी कामाला लागल्यात. पीएसए वाढला, तर म्हणायचे, पीएसए बघू नका, हा उपचार त्यावर मोजत नाहीत. पिशवीत काय होतं हे सांगणारा एकही कागद आमच्याकडे नाही. डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘इम्युन थेरपी दिली’.

चार महिने गेले. एका सकाळी मामंजींना पलंगावरून पाय खाली सोडता येईनात. मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबत होती. रेडिएशन दिलं, पण पाय परत आले नाहीत. पुढचे सात महिने ते अंथरुणात होते. पैशांचं दुःख मागे पडलं आहे. त्या चार महिन्यांत कुणी त्यांची पाठ तपासली नाही, हे मला सहन होत नाही. ते सांगत होते, पाठ दुखते म्हणून.

पेशीवाला
आबोली, लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

‘पीएसए बघू नका’ हे वाक्य कुठून आलं ते सांगायलाच हवं, कारण त्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेत सिप्युल्युसेल-टी नावाच्या उपचाराला मान्यता मिळाली. रुग्णाच्या रक्तातल्या पेशी काढायच्या, प्रोस्टेटचं एक प्रथिन त्यांना ओळखायला लावायचं, आणि दोन-दोन आठवड्यांनी तीनदा परत द्यायच्या. प्रोस्टेट कॅन्सरसाठी मान्यता मिळालेला हा पहिला पेशी-उपचार. त्यात पीएसए फारसा उतरत नाही, हे खरं. तरी ५१२ पुरुषांच्या चाचणीत तो मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे त्याहून जास्त जगले, निम्मे कमी) २५.८ महिने निघालं आणि न मिळालेल्यांचं २१.७. चार महिन्यांचा फरक. किंमत ९३,००० डॉलर. युरोपातही २०१३ मध्ये मान्यता मिळाली होती, २०१५ मध्ये ती मागे घेतली गेली.

म्हणजे ‘पीएसए उतरत नाही’ असं ते म्हणू शकले, कारण शेजारी तुलनेचा गट होता आणि दोन्हीकडची माणसं किती जगली हे मोजलं होतं. तुमच्या मामंजींना सांगणाऱ्यांनी वाक्य तेवढं उचललं, मोजणी नाही उचलली. आणि तो उपचारसुद्धा वेदना नसलेल्या किंवा अगदी थोड्या असलेल्या रुग्णांसाठीच आहे.

खारघर_लोकल
सगळ्यांचं पटतंय, पण एक बोलू का? माझ्या थोरल्या भावाला हाच आजार आहे. ‘चाचण्या चालू आहेत, थांबा’ हे ऐकायला सोपं आहे. ज्याच्याकडे वर्ष-दीड वर्ष आहे त्याने तिसरा टप्पा संपेपर्यंत थांबायचं कसं? उद्या एखाद्या सेंटरने खरंच काही चांगलं केलं असेल तर? लोक मूर्ख म्हणून पैसे देत नाहीत. हातावर हात ठेवून बसवत नाही म्हणून देतात.

ओपीडी_१०
मी मेडिकल ऑन्कॉलॉजी करतो, मुंबईबाहेर. धागाकर्त्या ताईंच्या बाबांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे हा सल्ला नाही. त्यांच्या डॉक्टरांना काय विचारायचं, तेवढं लिहितो.

खारघर_लोकल, तुमचं दुःख मी रोज ओपीडीत समोर बसलेलं बघतो. हातावर हात ठेवून बसा असं कुणीच म्हणत नाही. करण्यासारखं बरंच शिल्लक आहे, ते सोडून लोक दुसरीकडे जातात, याचं मला वाईट वाटतं.

ताई, सगळ्यात आधी पाठ. बाबांची कंबर किंवा पाठ नव्याने दुखत असेल, पायांत मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी कॅज्युअल्टीत न्या आणि ‘मणक्यात पसरलेला आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. चालत आलेला रुग्ण बहुधा चालत राहतो. पाय गेल्यावर आलेल्याचे परत मिळणं फार कठीण.

मग जनुकांची तपासणी. झाली आहे का, विचारा. नसेल तर कराच. २०१६ मध्ये पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या ६९२ पुरुषांचा अभ्यास झाला, त्यात ११.८ टक्के जणांना डीएनए दुरुस्तीच्या जनुकांत जन्मजात दोष होता. बीआरसीए२ या जनुकातला दोष त्यांत सगळ्यात जास्त. असा दोष निघाला तर ओलापारिबसारख्या गोळ्या आहेत, आणि अबिराटेरोन निष्प्रभ ठरल्यानंतरच्या रुग्णांतच त्यांचा उपयोग सिद्ध झालाय, म्हणजे तुमच्या बाबांच्या टप्प्यावर. त्याच तपासणीत एमएसआयही बघा, म्हणजे डीएनएची नक्कल होतानाच्या चुका दुरुस्त न होण्याची खूण. शंभरात साधारण तिघांत तो दोष असतो. त्या तिघांना पेंब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढणारं औषध खरोखर लागू पडू शकतं. बाकीच्यांत मात्र या औषधाने निराशा केली. म्हणजे प्रतिकारशक्तीचा उपचार प्रोस्टेटमध्ये आजही आहे, पण कुणासाठी ते तपासणी ठरवते.

तिसरं, पीएसएमए पेट स्कॅन, म्हणजे शरीरात पीएसएमए कुठे कुठे आहे ते दाखवणारा स्कॅन. पेशीवाला म्हणतात त्याच पत्त्यावर टी पेशीऐवजी किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ पाठवता येतं. अबिराटेरोनसारख्या गोळ्या आणि केमो दोन्ही झालेल्या ८३१ पुरुषांवरच्या चाचणीत मध्यक आयुष्य ११.३ वरून १५.३ महिन्यांवर गेलं. हे ल्युटेशियम आपल्याकडे ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. तुमच्या विक्रोळीच्या कन्नमवारनगरहून किती लांब ते? लोक परदेशातल्या आशेमागे धावतात तेव्हा मला हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

आणि डोसिटॅक्सेल. नाव ऐकून लोक घाबरतात, पण या आजारात आयुष्य वाढवतं हे २००४ सालीच सिद्ध झालेलं औषध आहे, आणि स्वस्त आहे.

चाचणीत जायचं असेल तर जरूर जा, मी स्वतः रुग्ण पाठवतो. पण ओळखायची खूण सोपी आहे. भारतात जून २००९ पासून औषधांच्या चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदणी सक्तीची आहे आणि ती यादी कुणालाही बघता येते. तिथे नोंदणी क्रमांक असतो, एथिक्स कमिटीचं नाव असतं. प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत, आणि त्यातून इजा झाली तर उपचाराची जबाबदारी त्यांची असते. १४ लाख मागतात ती चाचणी नव्हे.

खारघर_लोकल
डॉक्टर, धन्यवाद. भावाचा जनुकांचा रिपोर्ट काढलेला नाही. उद्याच विचारतो.

निवांत७४
मी ठाकूरद्वारला राहतो, वय ७४, हाच आजार, सहावं वर्ष. तुझ्या बाबांच्या वयाचा म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस मुली.

डोसिटॅक्सेलच्या सहा फेऱ्या मी घेतल्या, दर तीन आठवड्यांनी. केस गेले, तोंडाची चव गेली, नखं काळी पडली. दुसऱ्या फेरीनंतर ताप आला तेव्हा मुलाने मध्यरात्री टॅक्सी करून नेलं. ताप अंगावर काढायचा नाही, हे लक्षात ठेव. चौथ्या फेरीनंतर मात्र खुब्याचं दुखणं इतकं कमी झालं, की मी जिना धरून न थांबता वर चढलो. त्या दिवशी बायकोने गोडाचा शिरा केला. पीएसए १८० वरून २६ वर आला होता. दीड वर्ष बरं गेलं.

आणि तुम्ही दोघं भाऊ-बहीण कलमांचं ठरवताय, ती कलमं कुणाची? त्यांना विचारलंत का? आम्हाला आजार हाडात झालाय, डोक्यात नाही. घरात दार लोटून कुजबुज झाली की आम्हाला कळतं. माझ्या घरीही तसंच चाललं होतं. मग मीच एक दिवस सगळ्यांना बसवलं आणि म्हटलं, आकडा सांगा. ऐकल्यावर मला हलकं वाटलं, उलट. ते कमी बोलणारे असतील तर माझ्याशी फोनवर बोलवून दे. नंबर निरोपातून पाठवतो. दुपारी चारनंतर, चहा झाल्यावर.

आबोली
काका, तुमचं वाचून रडू आलं. बरं वाटलं.

कन्नमवारनगर
पाच आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांना एकेकटं उत्तर द्यायला हवं होतं, जमलं नाही.

काकांचं वाचलं त्याच रविवारी बाबांना सगळं सांगितलं. सेंटर, १४ लाख, कलमं, सगळं. पेशीवाला यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, पत्त्याचं उदाहरण ऐकताना ते सरसावून बसले. मग विचारलं, “तो तेरातला एक, त्याचा किती उतरला म्हणालीस?” मी म्हटलं, ९८ टक्के. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्याच्या घरच्यांना कुणी पत्र लिहिलं असेल का गं?” मला उत्तर देता आलं नाही. दादा उठून गॅलरीत गेला.

कलमं विकायची नाहीत, हे बाबांनी ठरवलं. सेंटरमधून दोनदा फोन आला. दादानेच सीटीआरआय क्रमांक विचारला. पाठवतो म्हणाले, आलेला नाही.

पाठीचा एमआरआय झाला. एका मणक्यात गाठ कडेला आली होती, दाब पडला नव्हता. पाच दिवस रेडिएशन झालं, बाबा स्वतःच्या पायांनी जिना उतरून गेले. आबोलीताई, तुमच्यामुळे मी त्यांना पाठीबद्दल खोदून विचारलं. त्यांनी महिनाभर सांगितलं नव्हतं.

काल जनुकांचा रिपोर्ट आला. बीआरसीए२ मध्ये दोष आहे, जन्मजात. डॉक्टर म्हणाले, आधी ओलापारिबच्या गोळ्या बघू, केमो आणि ल्युटेशियम हाताशी आहेत. काकांशी फोन झाला होताच. आता दोघं आठवड्यातून दोनदा बोलतात, आजारावर कमी आणि गिरगावातल्या जुन्या खानावळींवर जास्त. कलमांना मोहोर धरलाय, गुहागरहून शेजाऱ्यांनी फोटो पाठवला.

आता आमचीही तपासणी करायला सांगितली आहे. दादाला आणि मला, प्रत्येकी निम्मी शक्यता. बाबांना याचं फार लागलंय. “मी तुम्हाला हे दिलं,” म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही दिलेलं कळलं म्हणून तर मी वेळेत तपासतेय. पण त्यांचं समाधान झालं नाही, आणि माझंही पुरतं झालेलं नाही.

गुरुवारी रक्त द्यायला जायचंय. डॉक्टर, उपाशीपोटी जावं लागतं का?

ओपीडी_१०
नाही. जेवून जा. आणि रक्त देण्याआधी जनुकीय समुपदेशकाशी अर्धा तास बोला. दादालाही सोबत न्या.